एकाच कायद्यानं दोघांना ‘गुन्हेगार’ ठरवलं, मग पारधी आणि कैकाडी समाजाची आजची परिस्थिती वेगळी का?

श्रीगोंदा म्हटलं की लिंबाच्या बागा, उसाचे फड, सहकारी साखर कारखाने आणि काष्टीचा जनावरांचा बाजार आठवतो. इतिहासाची आवड असेल तर संत शेख महंमद महाराज आणि भीमेकाठचा पेडगावचा किल्ला आठवतो.

पण अहिल्यानगर जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाची आणखी एक ओळख आहे आणि ती बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या बातमीतून समोर येते. कुठं चोरी झाली, कुठं दरोडा पडला की पोलिसांची गाडी आधी गावाबाहेरच्या पारधी वस्तीकडे वळते. बातमीखाली कमेंट ठरलेली असते, “यांचा धंदाच आहे तो.”

अख्ख्या समाजाला एका वाक्यात चोर ठरवणारी ही कमेंट आजची वाटते. पण तिच्यामागे दीडशे वर्षांपूर्वीचा एक कायदा आहे. इंग्रजांनी केलेल्या त्या कायद्यानं जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली आणि त्यात पारधी एकटे नव्हते. टोपल्या विणणाऱ्या कैकाडी समाजावरही तोच शिक्का बसला होता.

गंमत अशी की आज या दोन समाजांची परिस्थिती सारखी नाही. कैकाडी समाज बऱ्याच ठिकाणी गावात स्थिरावला, त्यांच्यातून शिक्षक, लेखक, कार्यकर्ते, नोकरदार पुढं आले. पारधी समाजातली मोठी संख्या मात्र अजूनही गायरानावर, पालात किंवा कोपीत राहते. दुसरीकडे सरकारी यादीत पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. सवलती आणि कायद्याचं संरक्षण पारध्यांना जास्त आहे, कैकाड्यांना कमी.

हे असं कसं झालं, ते समजून घेतलं तर ‘यांचा धंदाच आहे तो’ या वाक्याचं उत्तरही आपोआप मिळतं.

आधी पारधी कोण आणि कैकाडी कोण?

पारधी म्हणजे शिकारी. त्यांच्यातले फासेपारधी फास लावून तितर, लावे, ससे, हरणं पकडायचे. काहींकडे शिकवलेला बैल असायचा. त्या बैलाच्या आडोशानं शिकारीच्या जवळ जायचं आणि फास टाकायचा, ही त्यांची पद्धत. चित्ते पाळून राजेरजवाड्यांना शिकारीत मदत करणारे ते चित्ता पारधी. त्यांची बोली गुजरातीला जवळची आहे, आडनावं मात्र भोसले, पवार, काळे, चव्हाण, शिंदे अशी अस्सल मराठी.

कैकाडी म्हणजे विणकाम करणारे. ओढ्या-नदीच्या काठचे फोक, तुरकाठ्या, बांबू यांपासून ते टोपल्या, कोंबड्या झाकायची डालगी आणि धान्य साठवायच्या मोठमोठ्या कणग्या विणायचे. सामान गाढवावर लादून एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे. त्यांची बोली तमिळ, तेलुगूच्या कुळातली.

दोघंही भटके, दोघंही गावाबाहेर उतरणारे आणि दोघांचीही बोली गावाला न समजणारी. इंग्रज अधिकाऱ्यांना संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं.

१८७१ चा कायदा नेमका काय होता?

१८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवात उत्तर भारतातून झाली आणि १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. १९२४ मध्ये त्याचं आणखी कडक रूप आलं.

या कायद्याची कल्पना सोपी आणि भयानक होती. एखादी जमातच ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करायची. मग त्या जमातीतल्या माणसानं गुन्हा केलाय की नाही, हा प्रश्नच उरत नव्हता. नाव नोंदवहीत चढायचं, बोटांचे ठसे घेतले जायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागायची. दुसऱ्या गावाला जायचं तर परवाना लागायचा. विनापरवाना सापडला तर तोच गुन्हा.

अनेकांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतींमध्ये ठेवलं गेलं. त्यांना ‘सेटलमेंट’ म्हणायचे. महाराष्ट्रात सोलापूरची सेटलमेंट सगळ्यांत प्रसिद्ध. तिथल्या माणसांना कापड गिरण्यांमध्ये कामाला लावलं जायचं. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आजही ऐकायला मिळतं, ते तिथूनच आलं.

सगळ्यांनीच हे निमूट मान्य केलं असं नाही. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत मोडीत काढली. फासेपारध्यांना त्यांनी राहायला जागा आणि पहाऱ्याची कामं दिली. ज्यांना इंग्रज चोर म्हणत होते, त्यांच्याच हातात महाराजांनी राखण दिली.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळला जातो. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हे समाज त्यानंतर पाच वर्षांनी. आणि त्यानंतरही सराईत गुन्हेगारांसाठीचे वेगळे कायदे आलेच. मुंबई राज्यानं १९५९ साली असा कायदा केला. कागदावर आता जमात नाही, तर व्यक्ती सराईत ठरणार होती. पण पोलिसांच्या जुन्या नोंदवह्यांमधली नावं तीच होती, त्यामुळे संशयाची दिशा फारशी बदलली नाही.

एकाची रोजी कायद्यानं गेली, दुसऱ्याची बाजारानं

पारधी आणि कैकाडी यांच्या वाटा इथून वेगळ्या होतात.

कैकाड्यांच्या वस्तूची गावाला गरज होती. कणगी नसेल तर धान्य ठेवायचं कुठं, टोपली नसेल तर शेण-माती वाहायची कशात? शेतकरी आणि कैकाडी यांच्यात देवाणघेवाण होती. टोपली द्यायची आणि बदल्यात धान्य घ्यायचं. गाव कैकाड्याला मानानं वागवत होतं असं अजिबात नाही, पण गावाशी व्यवहार होता. ओळख होती. पुढच्या वर्षी तोच कैकाडी त्याच गावात परत येणार, हे दोघांनाही माहीत होतं.

मग पत्र्याच्या कोठ्या आल्या, घमेली आली, प्लास्टिकच्या टोपल्या आणि पोती आली. कणगीची गरज संपली. कैकाड्यांचा धंदा बसला, पण हळूहळू, तीस-चाळीस वर्षांत. तोवर अनेक कुटुंबं एखाद्या गावात किंवा शहराच्या कडेला स्थिरावली होती. कुणी वीटभट्टीवर गेलं, कुणी गाढवांवरून वाळू-माती वाहू लागलं, कुणी मजुरीला लागलं, कुणाची मुलं शाळेत गेली. गरिबी राहिली, पण दुसरं काहीतरी शोधायला वेळ मिळाला.

पारध्यांना तो वेळ मिळाला नाही.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. हरणं, ससे, तितर मारणं किंवा पकडणं हा गुन्हा ठरला. जंगल आणि प्राणी वाचवायला हा कायदा गरजेचाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण शिकार हेच ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम होतं, त्यांना पर्यायी काम काय, याची तरतूद त्यासोबत आली नाही.

याची सगळ्यांत जवळची खूण श्रीगोंद्याच्या आसपासच दिसते. इथली माळरानं म्हणजे पारध्यांची शिकारीची जुनी जागा. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत मिळून माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झालं. त्यात श्रीगोंदा आणि कर्जत तालुक्यांचा भाग होता. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य झालं. उरलेल्या माळावर घोड आणि कुकडीच्या कालव्यांचं पाणी आलं, ऊस आला, लिंबं आली. तालुक्याची भरभराट झाली आणि शिकाऱ्याचं रान संपलं.

म्हणजे १९५२ मध्ये जन्मानं गुन्हेगार असल्याचा शिक्का पुसला गेला आणि वीस वर्षांनी पोट भरण्याचं कामच गुन्हा ठरलं.

यानंतर पारध्यांकडे उरलं काय? शेतमजुरी, ऊसतोड, बागांची आणि उभ्या पिकांची राखण, छोट्यामोठ्या वस्तूंची फिरून विक्री आणि काहींच्या वाट्याला शहरातल्या सिग्नलवर हात पसरणं. यातल्या राखणीत तर मोठी विसंगती आहे. अनेक गावांत शेतकरी रात्रीच्या राखणीला पारधीच ठेवतात, कारण त्याच्याइतकं सावध आणि निडर कुणी नाही असं मानलं जातं. पण गावात चोरी झाली की पहिला संशय पुन्हा त्याच्यावरच.

सरकारी यादीत कोण कुठं आहे?

हा भाग थोडा किचकट आहे, पण सगळी गोम इथंच आहे.

देशात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी असे तीन मोठे प्रवर्ग आहेत. विमुक्त आणि भटक्यांसाठी केंद्राच्या पातळीवर वेगळा आरक्षित प्रवर्ग नाही. महाराष्ट्रानं मात्र थाडे समितीच्या अहवालानंतर १९६० च्या दशकात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींची स्वतंत्र यादी केली. आज राज्यात विमुक्त जातींना ३ टक्के आरक्षण आहे आणि त्यात १४ जाती आहेत.

आता आपल्या दोन समाजांकडे पाहा.

फासेपारधी हे अनुसूचित जमातीत आहेत. पूर्वी या यादीला भागाभागांची बंधनं होती. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानं ती काढली आणि राज्यभरातले फासेपारधी अनुसूचित जमातीत आले. मात्र राज पारधी आणि पाल पारधी ही नावं विमुक्त जातींच्या यादीत आहेत. बाहेरच्या माणसाला सगळे पारधी सारखेच दिसतात. पण दाखल्यावर ‘फासे’ आहे, ‘राज’ आहे की ‘पाल’, यावर मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि नोकरीची जागा ठरते.

कैकाड्यांचं तर आणखी वेगळं. विदर्भात, म्हणजे नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ अशा जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आहेत. उरलेल्या महाराष्ट्रात ते विमुक्त जातीत. म्हणजे एक भाऊ नागपूरचा आणि दुसरा श्रीगोंद्याचा असेल तर एकाच जातीच्या दोघांचे हक्क वेगळे. हे क्षेत्रीय बंधन उठवावं, ही कैकाडी समाजाची अनेक वर्षांची मागणी आहे.

श्रीगोंद्यात राहणारं एक फासेपारधी कुटुंब आणि एक कैकाडी कुटुंब समोरासमोर ठेवलं तर कागदावरचा फरक असा दिसतो.

• आरक्षण: राज्यात अनुसूचित जमातींना ७ टक्के, विमुक्त जातींना ३ टक्के.

• क्रीमी लेयर: पारधी कुटुंबाला ही अट नाही, कैकाडी कुटुंबाला नॉन-क्रीमी लेयरचा दाखला लागतो.

• राजकीय जागा: महाराष्ट्र विधानसभेत २५ आणि लोकसभेत राज्यातल्या ४ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. विमुक्त जातींसाठी तिथं एकही राखीव जागा नाही.

• अत्याचारापासून संरक्षण: १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा फासेपारध्यांना लागू होतो. श्रीगोंद्यातल्या कैकाड्याला जातीवरून मारहाण झाली तर हा कायदा त्याच्या कामाचा नाही. हीच मारहाण नागपुरात झाली आणि तो तिथलाच कैकाडी असेल तर मात्र लागू होतो.

• खातं: पारध्यांच्या योजना आदिवासी विकास विभागाकडे, कैकाड्यांच्या योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे.

एवढं वाचल्यावर वाटेल की पारध्यांचं तर भलं व्हायला हवं होतं. मग झालं का नाही?

हक्क आहे, पण दाखला कुठाय?

कारण यादीत नाव असणं वेगळं आणि हातात दाखला असणं वेगळं.

जातीचा दाखला काढायचा तर पुरावा लागतो आणि पुराव्यासाठी तारीख ठरलेली आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा किंवा तेव्हाचं राहण्याचं ठिकाण दाखवावं लागतं. विमुक्त जातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. पुढं शिक्षण किंवा नोकरीसाठी जात पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र घ्यायचं ते वेगळंच.

साधा विचार करा. १९५० च्या आधी जो माणूस पालात राहत होता, ज्याला दर काही दिवसांनी गाव बदलावं लागत होतं, त्याच्याकडे कोणता कागद असणार? शाळेचा दाखला नाही, कारण शाळा नाही. सातबारा नाही, कारण जमीन नाही. जन्माची नोंद नाही, कारण जन्म माळावर. त्या काळात सरकारनं या माणसांची नोंद केली ती हजेरीच्या वहीत, गुन्हेगार म्हणून. पकडून ठेवायचं होतं तेव्हा नाव, गाव, ठसे सगळं लिहून घेतलं. हक्क द्यायची वेळ आली तेव्हा पुरावा आणायचं काम त्यांच्यावरच टाकलं.

कैकाडी कुटुंबांना ही अडचण नाही असं नाही. पण त्यांच्यासाठी तारीख अकरा वर्षांनी पुढची आहे. शिवाय गावात स्थिरावलेल्या किंवा सेटलमेंटमधून गिरणीत गेलेल्या कुटुंबातल्या आजोबाचं नाव शाळेच्या किंवा नोकरीच्या रजिस्टरमध्ये सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून त्यांना दाखला मिळवणं तुलनेनं सोपं गेलं.

त्यात अंतराची भर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आदिवासींसाठीचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय अकोले तालुक्यात राजूरला आहे. अकोले हा जिल्ह्यातला आदिवासी पट्टा, महादेव कोळी आणि ठाकर समाज तिथं मोठ्या संख्येनं राहतो, त्यामुळे कार्यालय तिथं असणं बरोबरच आहे. पण श्रीगोंदा जिल्ह्याच्या अगदी उलट टोकाला. रोजावर जगणाऱ्या माणसाला तिथं एक हेलपाटा घालायचा तर दोन दिवसांची मजुरी बुडते. पहिल्याच खेपेत काम झालं तर ठीक, नाहीतर पुन्हा तेच.

थोडक्यात, पारध्यांच्या वाट्याला हक्क मोठे आले पण कागद आला नाही. कैकाड्यांना कागद मिळाला, पण त्या कागदावरचे हक्क छोटे निघाले.

घर, गायरान आणि पत्ता

कागदाचा प्रश्न शेवटी जागेपाशी येऊन थांबतो. पत्ता नसेल तर रेशनकार्ड, आधार, मतदार यादी, घरकुल सगळंच अडतं.

बहुतेक पारधी वस्त्या गायरानावर आहेत. गायरान म्हणजे गावाच्या जनावरांसाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनंही गायरानावरची बांधकामं नियमित करण्यावर बंधनं आणली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा विषय पुन्हा आला तेव्हा राज्यभर गायरानावर राहणाऱ्या कुटुंबांचे मोर्चे निघाले.

यातही दोन बाजू आहेत. गायरान लाटून बंगले आणि दुकानं बांधणारेही आहेत आणि दुसरी कुठलीच जागा नाही म्हणून चार पत्रे उभे करणारेही. नियम मात्र दोघांना एकच.

पर्याय म्हणून योजना आहेत. अनुसूचित जमातींसाठी शबरी घरकुल योजना आहे. विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, ज्यात कुटुंबाला जागा आणि घर देऊन वसाहत उभी करायची कल्पना आहे. पण घरकुल मंजूर व्हायला आधी पायाखाली स्वतःची जागा लागते आणि वसाहत करायला गावानं जागा द्यावी लागते. पारधी वस्ती आपल्या हद्दीत नको, असा सूर गावोगावी निघतो आणि योजना तिथंच अडते.

शिक्षणात फरक कसा पडला?

कैकाडी समाजातले लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० मध्ये आलं. त्याला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि गाढवाच्या पाठीवरचं बिऱ्हाड पहिल्यांदाच मराठी मध्यमवर्गाच्या घरात पोहोचलं. १९८० च्या आधी कैकाडी समाजातला एक मुलगा शिकून पुस्तक लिहिण्यापर्यंत पोहोचला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. एका घरात एक जण शिकला की दाखला कसा काढायचा, अर्ज कुठं द्यायचा, हे भावकीला कळतं.

पारधी समाजात ही साखळी उशिरा सुरू झाली. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला १९९० च्या दशकात पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. त्या कामात पुढाकार घेणारे गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकानं ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा सुरू केली. सिग्नलवर भीक मागणारी मुलं त्यांनी शाळेत आणली. पुढं समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेचा काही भाग गेला, तेव्हा तिची बातमी देशभर झाली.

आश्रमशाळेमुळे एक मोठी अडचण सुटते. आईबाप ऊसतोडीला किंवा कामाच्या शोधात गाव सोडून गेले तरी मूल शाळेतच राहतं. गावातल्या शाळेत नाव घातलं तर ऑक्टोबरमध्ये कारखान्याचा हंगाम सुरू होताच ते गळतं.

पोलीस, तुरुंग आणि जुना शिक्का

शिक्का पुसला गेलाय का, याचं उत्तर न्यायालयाच्या दोन निकालांत मिळतं.

पहिला निकाल ५ मार्च २०१९ चा. महाराष्ट्रातल्या एका दरोडा आणि खून प्रकरणात भटक्या समाजातल्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच फाशी सुनावली होती. दहा वर्षांनी त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांना खोटं गोवलं गेलं, असं म्हणत प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तोवर त्यांच्या आयुष्याची सुमारे सोळा वर्षं तुरुंगात गेली होती.

दुसरा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ चा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगात जातीवरून कामं वाटून देणारे नियम रद्द केले. त्याच निकालात विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तुरुंग नियमावलीतल्या तरतुदींवरही बोट ठेवलं. कायदा १९५२ ला गेला, पण नियमांच्या पुस्तकात तो २०२४ पर्यंत शिल्लक होता.

पारधी समाजातले काही जण गुन्हे करतात का? करतात, जसे इतर समाजांतलेही करतात. फरक इतकाच की इतरांच्या बाबतीत आरोपीचं नाव विचारलं जातं आणि इथं जात.

जगात असं आणखी कुठं घडलंय?

अमेरिकेतल्या क्रीक किंवा मस्कोगी या आदिवासी राष्ट्राला १८३० च्या दशकात अलाबामा-जॉर्जियातून हाकलून आजच्या ओक्लाहोमात नेलं गेलं. पण त्यांच्याकडे अमेरिकन सरकारशी झालेले लेखी करार होते. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते करार पाहून सांगितलं की फौजदारी कायद्याच्या दृष्टीनं ही भूमी आजही क्रीकांची राखीव भूमी आहे.

याउलट १९९१ च्या यादवीनंतर घरदार सोडून आलेल्या सोमाली निर्वासितांचं पाहा. केनियातल्या दादाब छावण्यांमध्ये त्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. छावणीबाहेर जायला अनेक वर्षं त्यांना परवाना लागत आलाय.

उजाडलेले दोघंही. एकाला दीडशे वर्षांपूर्वीचा कागद आज कामाला आला, दुसऱ्याला कागद नाही म्हणून फिरताही येईना. श्रीगोंद्याच्या माळावरचा पारधी या दुसऱ्या गटात बसतो, तेही स्वतःच्याच देशात.

आता पुढं काय?

विमुक्त-भटक्यांसाठी आयोग कमी नेमले गेले नाहीत. बाळकृष्ण रेणके आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला आणि देशात या समाजांची संख्या सुमारे ११ कोटी असल्याचा अंदाज मांडला. त्यानंतरच्या भिकू इदाते आयोगाला असे २६९ समाज सापडले, जे एससी, एसटी, ओबीसी अशा कोणत्याच यादीत नव्हते. २०२२ मध्ये केंद्रानं ‘सीड’ ही योजना आणली. त्यात स्पर्धा परीक्षांसाठी मोफत शिकवणी, आरोग्य विमा, रोजगार आणि घर अशा चार गोष्टी आहेत आणि पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपये ठरवले गेले. ११ कोटींचा अंदाज धरला तर माणशी वर्षाला चार रुपयेसुद्धा होत नाहीत.

आणि इथं येते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे जनगणना.

पारधी अनुसूचित जमातीत असल्यानं त्यांची मोजणी होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ते सव्वादोन लाखांच्या आसपास होते. पश्चिम महाराष्ट्रातले कैकाडी विमुक्त जातीत असल्यानं स्वतंत्र भारताच्या एकाही जनगणनेत त्यांचा वेगळा आकडा आलेला नाही. जातवार मोजणी शेवटची झाली ती १९३१ मध्ये, इंग्रजांच्या काळात.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारनं येत्या जनगणनेत जातींचीही नोंद करण्याचा निर्णय घेतला. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. कैकाड्यांसाठी ही मोजणी म्हणजे आपण किती, कुठं आणि कसे आहोत हे पहिल्यांदा आकड्यात मांडण्याची संधी. पारध्यांसाठी प्रश्न वेगळा आहे. मोजणी करणारा कर्मचारी गायरानावरच्या वस्तीपर्यंत येईल का? आला तेव्हा कुटुंब ऊसतोडीला गेलं असेल तर? आणि नोंद करताना तो ‘फासे’ लिहील, ‘राज’ लिहील की नुसतं ‘पारधी’?

ते एक अक्षर कसं लिहिलं गेलं, यावर पुढच्या पिढीचे दाखले अडू किंवा सुटू शकतात. त्यामुळे गावात गणनेचं काम सुरू होईल तेव्हा शिक्षक, ग्रामसेवक आणि वस्तीतली शिकलेली पोरं यांनी एक काम नक्की करावं. वस्तीतलं एकही घर सुटू देऊ नये आणि प्रत्येकाच्या जातीचं नाव दाखल्यावर असतं तसंच्या तसं लिहून घ्यावं. सरकारनं या माणसांची एकदा घरोघर नोंद केली होती, ती हजेरीसाठी. यावेळची नोंद हक्कासाठी आहे.